काळी माती, पांढरी पाच

लातूरमध्ये दुकानात व्हॉल्व्ह मागितला की समोर पितळी कॉक येतो. दुकानदाराची चूक नाही. आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं आणि ते सोडणारा व्हॉल्व्हमन गल्लीत नगरसेवकापेक्षा वजनदार असतो. गंजगोलाईतल्या तीन दुकानांत मी ‘काचेचा, ॲम्प्लिफायरचा’ असं फोड करून सांगितलं. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेटजींना उलगडा झाला. "वालचा रेडू व्हता तवा मिळायचे. आता कामून पायजेत?"

पाहिजेत ते घरीच ॲम्प्लिफायर बांधायला. व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची, आवाज मोठा करणारी काचेची नळी. आणि हे खूळ शिरलं ते औशाच्या मामांमुळं. मामांचा पूर्वी मंडप आणि भोंग्यांचा धंदा होता, आणि रात्री भजनी मंडळात पेटी. मुलानं धंदा डीजेकडं वळवला तेव्हा गोदामातलं भंगार निघालं. त्यात दोन लाकडी कॉलम (उभ्या स्पीकरपेट्या), तबकड्यांची एक ट्रंक आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चिंध्यांत गुंडाळलेले सुटे व्हॉल्व्ह. दोन ईसीसी ८३, दोन ईएल ८४, एक ईझेड ८१. काहींवर बीईएलचा शिक्का अजून वाचता येत होता. बंगळुरूच्या या सरकारी कारखान्यात, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. मामा म्हणाले, "भंगारवाला काचेचे पैसे देत नाही. तूच ने."

ईएल ८४ पैकी एक गेलेला होता, आणि ते कळायला मीटरही लागला नाही. व्हॉल्व्हच्या काचेला वरच्या बाजूनं आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. आत चुकूनमाकून राहिलेला वायू शोषून घेणं हे त्याचं काम. काच कुठं तडकली, हवा आत शिरली, की तो डाग दुधासारखा पांढरा पडतो. एकट्या उरलेल्याला जोडीदार मिळवण्यापेक्षा नवी जोडी मागवली. स्लोव्हाकियात अजून हे व्हॉल्व्ह बनतात. बाकीचं किडुकमिडुक हैदराबादला कोटीच्या बाजारातून आणलं. मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद मुंबईपेक्षा जवळचं वाटतं, आणि आमच्या लातूरहून ते खरोखरच जवळ आहे.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. ट्रान्सफॉर्मरवरची गणितं पोरांकडून हजारदा सोडवून घेतली असतील, पण हातानं एकही ट्रान्सफॉर्मर कधी गुंडाळला नव्हता.

मांडणी सगळ्यात साधी निवडली. डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला स्पीकर चालवायला एक ईएल ८४, त्याच्या आधी ईसीसी ८३ चा अर्धा भाग (या व्हॉल्व्हच्या एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह असतात, म्हणून एकात दोन्ही बाजू भागतात), आणि एसीचं डीसी करायला ईझेड ८१ हा रेक्टिफायर. ईएल ८४ हा १९५३ चा व्हॉल्व्ह. अडीचशे व्होल्टवर एकटा चालवला तर पाचेक वॉट देतो. स्टाफरूममध्ये पाच वॉट म्हटल्यावर सगळे हसले. त्यांना मी फळ्यावर दाखवलं ते इथंही सांगतो, कारण सगळी गंमत स्पीकरमध्ये आहे. मामांच्या कॉलममधले आठ इंची कागदी कोनाचे स्पीकर एका वॉटला, एका मीटरवर, ९४ डेसिबलच्या आसपास देतात. वॉट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात. म्हणजे चार वॉटला १००. हल्लीचा छोटा, देखणा स्पीकर ८५ चा असेल तर त्याला त्याच आवाजाला बत्तीस वॉट लागतील. बैठकीच्या खोलीत १०० डेसिबल ऐकून दाखवा, मग हसा.

चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, एमआयडीसीत दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं वाकवून घेतलं. मामांच्या स्पीकरसाठी नव्या पेट्या सुतारानं अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये केल्या आणि न विचारता वर देवघरासारखी महिरप काढली. ती मी राहू दिली.

खरा खेळ आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा. व्हॉल्व्हला समोर पाच हजार दोनशे ओहमांचा भार हवा आणि स्पीकर आठ ओहमांचा. या दोघांत दुभाषा लागतो. ५२०० भागिले ८ म्हणजे ६५०, त्याचं वर्गमूळ साडेपंचवीस. म्हणजे एका बाजूला (प्रायमरी) २५५० वेढे, तर दुसऱ्या बाजूला (सेकंडरी) शंभर. बाहेरून तयार मागवला तर वजनामुळं टपालखर्चच डोळे पांढरे करतो. पण आमच्याकडं विहिरी आणि बोअर जेवढे, तेवढी मोटारी भरून (आतली तार नव्यानं गुंडाळून) देणारी दुकानं. औसा रोडला असेच एक चाचा आहेत. मोटारी भरतात, स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मरही बांधतात.

"सर, पाच एचपीची मोटार सांगा, सांजेला भरून देतो. हे काय आणलं?" माझा कागद त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. प्रायमरी तीन थरांत, मध्ये दोन ठिकाणी सेकंडरी, प्रत्येक थरामध्ये कागद. असं आलटून पालटून गुंडाळलं नाही तर वरचे सूर, झांजेची किणकिण, मधल्या मध्ये गळून जाते. "म्हणजे सँडविच," चाचा म्हणाले. "हौ, होतंय की." प्रायमरीला छत्तीस नंबरची तार, केसासारखी. मोटारीच्या तारेची सवय असलेल्या हातात ती तीनदा तुटली. चौथ्यांदा त्यांनी नातवाला बसवलं. पोरगा मोबाईलवर गाणी ऐकत, मशीनच्या काट्याकडं बघत, दोन दिवसांत दोन्ही बॉबिन भरून मोकळा झाला.

जोडून पाहिलं. पहिल्यांदा चालू करताना चाचांच्याच दुकानातला सिरीज बोर्ड आणला होता. साठ वॉटचा बल्ब लाइनमध्ये घालायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बाकीचं वाचतं. बल्ब जरासा उजळून मंद झाला. व्हॉल्व्हांच्या पोटात निखारे दिसू लागले. ईएल ८४ च्या कॅथोडखाली दीडशे ओहमांचा रेझिस्टर आहे, त्यावर मीटर लावला तर सव्वासात व्होल्ट. म्हणजे ४८ मिलिअँपिअर. पुस्तकातल्यासारखं. (हे मोजताना डावा हात खिशात. आत तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि बटण बंद केलं तरी कपॅसिटर ते धरून ठेवतात. आणि स्पीकर जोडल्याशिवाय असा ॲम्प्लिफायर कधीही चालवायचा नाही; भार नसला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये एवढा दाब उसळतो की तारेचं इन्सुलेशन फुटतं.)

तबकडी लावली. गाणं आलं, पण तबल्यातला डग्गा गायब. नुसती चाट वाजत होती, आणि आवाज वाढवला की गळा दाबल्यासारखा. दोन रात्री मी रेझिस्टर बदलत बसलो. तिसऱ्या दिवशी चाचांकडं ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवून नुसता बघत होतो, तेव्हा पत्र्यांच्या कडा नजरेला पडल्या. ई आणि आय आकाराचे स्टॅम्पिंग चाचांनी एक इकडून, एक तिकडून असे घातले होते. कुणीही कारागीर असंच घालील. स्टॅबिलायझरला तेच बरोबर. पण माझ्या मांडणीत प्रायमरीतून डीसी सतत एकाच दिशेनं वाहतो. त्यानं लोखंड आधीच चुंबकत्वानं गच्च भरून जातं. मग डग्ग्याला जागाच उरत नाही. उपाय असा की सगळे ई एका बाजूनं, सगळे आय दुसऱ्या बाजूनं, आणि मध्ये वहीच्या पानाच्या जाडीएवढी फट ठेवायची. हे मी कागदावर लिहिलंच नव्हतं. चाचांनी पत्रे उपसले, मोटारीच्या खोबणीत घालतात त्यातला सगळ्यात पातळ कागद कापून मध्ये ठेवला, कसून बोल्ट आवळले आणि म्हणाले, "सर, तुम्ही पोरांचे मार्क कापता ना असं विसरल्यावर?" डग्गा आला.

डग्ग्याबरोबर हमिंगही (सततची घरघर) आलं. आधीही असेल, पण आता खालचे सूर मोकळे झाल्यावर ते खोलीभर पसरलं. मामा ऐकायला आले होते. तबकडी भूप रागाची, गायकाची पट्टी काळी एक, म्हणजे सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. मामांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "भूपात मध्यम कामून येऊलालाय?"

मला काही कळेना. मामांनी पेटी उघडली, खर्जाचे सूर चालू केले आणि पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, दाबली. हमिंग आणि पेटी जवळजवळ जुळले. "हीच. जरा चढी हाय." काळी एकला सा धरला तर पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम. भूपात मध्यम वर्ज्य, आणि माझा ॲम्प्लिफायर अखंड तीव्र मध्यम धरून बसला होता. भूप मांडलेला, घरात तीव्र मध्यमाचा कल्याण.

मी वही काढली. ती पांढरी पाच म्हणजे ९८ हर्ट्झ. जरा चढी म्हणजे १००. आपली वीज पन्नास हर्ट्झची, पण रेक्टिफायर दोन्ही बाजू सरळ करतो, त्यामुळं त्याच्या पुढं घरघर शंभराची होते. पन्नासाची असती तर ती एक सप्तक खाली ऐकू आली असती. म्हणजे दुखणं रेक्टिफायरनंतरचं. मीटर, स्कोप काही न लावता मामांच्या पेटीनं अर्धा ॲम्प्लिफायर निर्दोष सोडला.

चूक माझीच निघाली. पॉवर ट्रान्सफॉर्मरची मधली तार मी जवळ पडते म्हणून इनपुटच्या सॉकेटपाशी चॅसिसला टाकली होती. पहिला कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा धक्क्याधक्क्यानं भरतो आणि तो सगळा प्रवाह त्या तारेवाटे परत जातो. जाताना इनपुटच्या जमिनीतूनच (ग्राउंडमधूनच) जात होता. ती तार उचलून थेट कपॅसिटरच्या ऋण टोकाला डागली. घरघर गेली.

तर मामा म्हणतात, "आता पांढरी पाचच, पण खालच्या घरात." पन्नास! हा फिलामेंटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचा. माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या सहा पूर्णांक तीन व्होल्टच्या वेटोळ्याला मधलं टोक नव्हतं, अख्खं वेटोळं जमिनीशी न जोडता हवेत लटकत होतं. शंभर ओहमांचे दोन रेझिस्टर दोन्ही टोकांपासून जमिनीला लावले, तारांना घट्ट पीळ दिला. चार रुपयांत काम झालं. थोडं उरलं ते पॉवर ट्रान्सफॉर्मर आउटपुटवाल्याला काटकोनात फिरवल्यावर गेलं. चॅसिसला चार भोकं जास्त पडली.

मग मे महिना आला. एका दुपारी आईनं ॲम्प्लिफायरवरची धूळ पुसली आणि हात झटकला. "मुंग्या येऊलाल्यात याला." मी मीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर चढलेला, आणि शेजारचा बोअर चालू झाला की आणखी चढायचा. आमच्या घराचं अर्थिंग अंगणात, काळ्या मातीत. ही माती पावसाळ्यात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. खड्ड्यातली माती अर्थिंगच्या धातूच्या पट्टीपासून सुटून बाजूला झाली होती. अर्थिंग होतं ते फक्त वायरमनच्या बिलात.

कोळसा आणि मीठ भरून खड्डा नव्यानं केला. पण त्याला पाणी लागतं. मी पहिली बादली ओतली तेव्हा आई दारात उभी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर. "माणसाला मिळंना, अन् मातीला पाजूलालास?" तिचंही बरोबर होतं. तोड अशी निघाली की स्वयंपाकघरातल्या आरओचं जे पाणी वाया जातं, त्याची नळी खिडकीतून खड्ड्यात सोडली. ते पाणी क्षारांनी भरलेलं, म्हणजे अर्थिंगला उलट चांगलंच. मुंग्या थांबल्या. पुढं रात्री व्होल्टेज दोनशे साठला जातं हे लक्षात आल्यावर चाचांकडून स्टॅबिलायझरही घेतला. नाहीतर सहा पूर्णांक तीनच्या जागी फिलामेंटला सातच्या वर व्होल्ट मिळतात आणि व्हॉल्व्ह लवकर म्हातारा होतो. आता मधेच स्टॅबिलायझर टक् करतो. ते मामांना चालतं, टाळ चुकला असं समजतात.

आवाजाबद्दल सगळे विचारतात. मोजमापात हजार रुपयांचा चिप ॲम्प्लिफायर याला सहज हरवतो, हे मी मान्य करतो. अशा एकट्या व्हॉल्व्हची मुख्य भेसळ दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ सुराचाच वरच्या सप्तकातला सूर. तो बेसूर वाटत नाही, गाणाऱ्याच्या मागं कुणी हलका सूर धरल्यासारखा वाटतो. मला तो आवडतो. तबकडीसाठी मात्र मी तयार मिळणारा, ट्रान्झिस्टरचा फोनो प्रीॲम्प वापरला आहे. सुईतून जेमतेम पाच मिलिव्होल्ट येतात, तिथं पुन्हा हमिंगशी लढायची ताकद उरली नव्हती. कर्मठांनी नाक मुरडावं.

परवा मामा मुक्कामी होते. रात्री साडेदहा, शेजारच्या बोअरची मोटार बंद, वीज दोनशे तीसवर शांत. भूप पुन्हा लावला, पूर्ण बाजू ऐकली. सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली. मी उठायला लागलो तर मामांनी हातानं थांबवलं, महिरपीखाली स्पीकरला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"हाय अजून," म्हणाले. "बारीक हाय, पण हाय."