बास मासा, पहिलं पिस्तूल आणि मार्च महिना

शनिवार, ८ मार्च २०२५

शेजारच्या आजोबांना आज कुंपणापाशी गाठून दोन गोष्टी विचारल्या. बास पकडायला शिकायचंय, सुरुवात कशी करू? आणि घरात एक पिस्तूल असावं असं वाटतंय, कोणतं घेऊ? आजोबा सत्तरी ओलांडलेले, जन्म इथलाच, उत्तर टेक्ससातला. आमची मुलं त्यांना आजोबाच म्हणतात आणि त्या हाकेला ते आता ओ देतात. पहिल्या प्रश्नावर त्यांनी गॅरेज उघडलं आणि अर्धा-पाऊण तास बोलत राहिले. दुसऱ्यावर एवढंच म्हणाले, "कशासाठी हवंय ते आधी नीट सांग."

सांगितलं. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत, दोन घरं सोडून, रात्री कोणीतरी मागचं दार फोडलं. मी तेव्हा कामानिमित्त बाहेरगावी होतो. ही दोन मुलांना घेऊन आतल्या खोलीत पोलिसांच्या गाडीचे दिवे बघत बसली होती. फोनवर तिचा आवाज ऐकला आणि तेव्हापासून पिस्तुलाचा विचार डोक्यातून जात नाही.

आजोबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, उद्या आधी दारं तपास. चौकटीला कुलपाची पट्टी कशी बसवली आहे बघ, स्क्रू लहान असतील तर तीन इंची घाल, ते भिंतीतल्या लाकडापर्यंत गेले पाहिजेत. मागच्या अंगणात हालचालीवर लागणारा दिवा बसव. मग बोलू.

माशांचं मात्र सगळं लिहून घेतलं. रॉड साडेसहा-सात फुटी, मध्यम ताकदीचा. रील स्पिनिंगच घ्यायचं. बेटकास्टर हा रीलचा दुसरा प्रकार दिसायला रुबाबदार असतो, पण फेकताना अंगठ्याचा दाब जरा चुकला की रिळावर दोऱ्याचं घरटं होतं आणि नवशिक्याची सकाळ ते सोडवण्यात जाते. दोरा दहा पौंडी, म्हणजे दहा पौंडांचा ताण सोसणारा. बाकी दुकानात भिंतभर रंगीत आमिषं टांगलेली असली तरी हात खिशातच ठेवायचे.

रविवार, ९ मार्च

स्क्रू बदलले. जुने पाऊण इंचाचे निघाले. एवढ्यावर आमचं दार उभं होतं!

मासेमारीचा परवानाही काढला. गोड्या पाण्याचं पॅकेज ३० डॉलर. वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं आणि ३१ ऑगस्टला संपतं, त्यामुळे मार्चात काढला की जेमतेम सहा महिने मिळतात. सतरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, आणि राज्याच्या उद्यानात काठावरून गळ टाकणाऱ्या मोठ्यांनाही नाही. हे आधी कळलं असतं तर पहिली दोन-चार आठवडे उद्यानातच शिकलो असतो.

रात्री जेवणानंतर पिस्तुलाचा विषय मीच काढला. ही म्हणाली, "चोर एकदा येईल किंवा येणारही नाही. पिस्तूल रोज घरात असेल. मग पोरांना त्याच्यापासूनही मीच सांभाळायचं." मी तिजोरीचं बोललो, कुलपाचं बोललो. ती भांडी आवरत राहिली. तिला आणखी काही म्हणायचं होतं असं मला वाटलं, पण बोलली नाही.

रविवार, १६ मार्च

वसाहतीच्या तळ्यावर सकाळी दोन तास. आजोबांनी टेक्सस रिग, म्हणजे गळ-आमिष जोडायची एक पद्धत, बांधायला शिकवली. दोऱ्यात आधी गोळीच्या आकाराचं वजन मोकळं ओवायचं, मग गळ बांधायचा. प्लास्टिकच्या लांब किड्याच्या डोक्यातून गळाचं टोक आत घालून बाहेर काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक पुन्हा किड्याच्या अंगातच दडवायचं. टोक उघडं नसल्यामुळे शेवाळात, बुडालेल्या फांद्यांत ते अडकत नाही. किडा सरळ बसला पाहिजे, वाकडा बसला तर पाण्यात गरगर फिरतो. मी पहिले सहा वाकडे बसवले.

मग फेकायचं आणि तळाला जाऊ द्यायचं. दोरा सैल पडला की किडा तळाला टेकला. रॉडचं टोक हळूच उचलायचं, पुन्हा पडू द्यायचं. आजोबांचा एकच शब्द सारखा कानावर येत होता, "हळू."

बास दबा धरून बसणारा मासा आहे. ओंडक्याच्या सावलीत, गवताच्या कडेला उभा राहतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. हे ऐकताना मला सारखी मरळ आठवत होती. जात वेगळी, पण स्वभाव तोच. माझे वडील, आण्णा, भिलवडीजवळ कृष्णेच्या काठी मरळीवर गळ टाकायचे. कळकाची काठी, नायलॉनचा दोरा, आमिषाला जिवंत बेडकी. मगरी असतात म्हणून मला खालच्या पायरीवर उतरू देत नसत. मी वरच्या पायरीवर बसून त्यांच्या पाठीकडे बघायचो.

मासा एकही नाही. पण दोऱ्यावरचं पहिलं 'टक-टक' बोटाला कळलं. मी घाईने ओढलं आणि सुटला.

शनिवार, २२ मार्च

आज आजोबा मला नेमबाजीच्या बंदिस्त रेंजवर घेऊन गेले. नवशिक्यांचा वर्ग साडेतीन तासांचा होता. त्यातला पहिला दीड तास पिस्तूल हातात दिलंच नाही.

चार नियम पाठ करून घेतले. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच समजायचं. जिचा नाश करायची तयारी नाही अशा कशावरही नळी रोखायची नाही. नेम धरून मनाशी ठरेपर्यंत बोट चापाबाहेर, सरळ. आणि नेमाच्या मागे काय आहे ते माहीत हवं. हा चौथा नियम ऐकताना मला आमच्या घराच्या भिंती दिसल्या. आमच्या खोलीच्या दाराच्या रेषेत, पलीकडे, मुलांची खोली आहे. प्लायवुड आणि जिप्समच्या भिंतीतून गोळी आरपार जाते. हा विचार मी आजवर केलाच नव्हता.

दुसरी शिकलेली गोष्ट इथे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण ती माहीत नसल्यामुळे माणसं मरतात. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलातून मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं म्हणजे ते रिकामं झालं असं नाही. एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, असू शकते. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवायची, मग चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. क्रम उलटा केला, म्हणजे स्लाइड आधी ओढली, तर मॅगझिनमधली नवी गोळी पुन्हा आत जाते. शिकवणाऱ्या बाईंनी हे प्रत्येकाकडून दहादा करून घेतलं.

भाड्याने तीन चालवून पाहिली. पॉइंट टू-टू, म्हणजे सगळ्यात बारीक गोळीच्या पिस्तुलाचा धक्का जवळजवळ लागतच नाही, नेम शिकायला तेच बरं. नऊ मिलिमीटर गोळीचं आटोक्यात राहिलं. छोटं, हलकं रिव्हॉल्वर दुकानात हातात छान बसलं होतं, पण गोळी सुटल्यावर मनगटाला झटका सगळ्यात जास्त त्याचाच. लहान म्हणजे सोपं, ही माझी समजूत पुरती चुकीची निघाली. कानांवर दुहेरी संरक्षण असूनही शेजारच्या लेनमधला प्रत्येक आवाज छातीत बसत होता. बाहेर आलो तेव्हा बोटं थरथरत होती.

कायद्याचं मी आधी वाचून ठेवलं होतं, कारण आपल्यासारख्यांना ते चुकवून चालत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना मला पिस्तूल बाळगणंही मना होतं. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे, मासेमारीच्या परवान्याने ते होत नाही. बारा वर्षांनी, गेल्या वर्षी, ग्रीन कार्ड आलं आणि दुकानातून विकत घेण्याचा मार्ग मोकळा झाला. २१ वर्षं पूर्ण हवीत. ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे तपासणी करतो. १९९८ पासून ही पद्धत आहे आणि बहुतेकांचं उत्तर काही मिनिटांत येतं. फॉर्मवरचा एक प्रश्न खास लक्षात ठेवण्यासारखा आहे, हे पिस्तूल तू स्वतःसाठीच घेतोयस ना? व्हिसावरच्या मित्रासाठी आपल्या नावावर घेणं हा गंभीर गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्याला शस्त्राच्या गुन्ह्यात देशाबाहेर काढू शकतात. गांजाचाही प्रश्न आहे, आणि कुठल्या राज्यात तो कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी नाही.

परतताना गाडीत आजोबांनी विचारलं, "घरात कोणी फार उदास असतं का? आता किंवा मागे कधी?" मी म्हणालो, नाही. मग बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिलो.

मंगळवार, २५ मार्च

झोप नाही. उत्तर खोटं दिलं होतं.

मे २०२१ मध्ये आण्णा सांगलीत कोविडने गेले. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतातून येणाऱ्या व्हिसाधारकांना दार बंद केलं होतं. गेलो असतो तर परत कधी येता आलं असतं याचा नेम नव्हता. धाकटी तेव्हा एक वर्षाची होती. मी गेलो नाही. अंत्यविधी चुलतभावाच्या फोनवर पाहिला. त्यानंतरचे सात-आठ महिने मी जे होतो ते मला नीट आठवतही नाही. हिला सगळं आठवतं. मी रात्री गॅरेजमध्ये दिवा न लावता बसायचो आणि ती दर तासाने येऊन दार उघडून बघायची.

या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. हे मी वर्गाच्या आधी वाचलं होतं, वाचून पुढे गेलो होतो.

भांडी आवरताना ती काय बोलली नाही ते आज कळलं.

शनिवार, २९ मार्च

पहाटे निघून रे रॉबर्ट्स तलावावर, आइल डू बॉइसच्या काठाला. आजोबा, मी आणि थोरला. पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या वर गेलंय, म्हणजे बास उथळ पाण्यात अंडी घालायला येण्याचे दिवस. पाण्यात बुडालेली जुनी झाडं दूरवर उभी. चष्म्याला पोलराइज्ड काच हवी, तिच्याशिवाय पाण्याच्या आत नीट दिसत नाही. आजोबांनी त्यांचा चष्मा थोरल्याच्या नाकावर ठेवला आणि बोट दाखवलं.

तळाशी शेपटीने झाडून केलेली ताटाएवढी स्वच्छ जागा आणि तिच्यावर जागच्या जागी फिरणारा एक मासा. तो नर. मादी अंडी घालून निघून जाते आणि बाप राहतो. पंखांनी पाणी हलवतो, कोणी आलं की धावून जातो. आजूबाजूला ब्लूगिल नावाचे छोटे मासे वाटच बघत असतात. बापाला गळाने वर काढलं की ते लगेच अंड्यांवर तुटून पडतात. आजोबा म्हणाले, हा आमिष भुकेने धरत नाही, घरट्याजवळ आलं म्हणून धरतो, सहज मिळतो, म्हणून मी याच्यावर टाकत नाही. टाकणारे पुष्कळ आहेत, कायद्याने बंदीही नाही.

आण्णा मरळीबद्दल हेच म्हणायचे. मरळीची लालसर पिल्लं घोळक्याने वर येतात, खाली आईबाप असतात. घोळका दिसला की आण्णा काठी गुंडाळून पुढच्या वळणावर जायचे. थोरल्याला हे सांगितलं. त्याला त्याचे हे सख्खे आजोबा म्हणजे फोनवरचा आवाज एवढेच आठवतात. तो म्हणाला, "म्हणजे ते पण असंच करायचे?" मला पुढे बोलता येईना.

आम्ही शंभर पावलं पुढे, खोल पाण्याच्या कडेला गेलो. साडेनऊच्या सुमारास टक-टक झालं. या वेळी थांबलो. सैल दोरा गुंडाळला आणि मग झटका दिला. पंधरा इंच! हात आधी ओले केले, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर जातो. खालचा ओठ अंगठ्यात धरला, दुसरा हात पोटाखाली, म्हणजे जबड्यावर सगळा भार येत नाही. राज्याच्या सर्वसाधारण नियमाने १४ इंचांवरचे पाच ठेवता येतात. लेक फोर्कसारख्या ठिकाणी नियम निराळा, तिथे १६ ते २४ इंचांमधला सोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक तलावाचं आधी बघावं. आम्ही हा सोडला. थोरल्याने सोडला. थोडा वेळ त्याच्या तळहातांमध्ये उभा राहिला आणि गेला.

परतताना मी आजोबांना २०२१ चं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंस. त्यांच्या भावाचं त्यांनी मला सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

रविवार, ३० मार्च, पाडवा

मागच्या अंगणात गुढी उभारली. कडुलिंब इथे नाही, भारतीय दुकानातून वाळलेली पानं आणली होती.

दुपारी मुलं झोपल्यावर हिच्याशी बोललो. या वेळी गॅरेजपासून सुरुवात केली. ती रडली, मीही. मग तिने माझ्या वहीतली रेंजवरची पानं वाचून काढली आणि विचारलं, तिजोरी घेतलीच तर आकडा कोणाला माहीत असेल? मी म्हणालो, फक्त तुला. ती म्हणाली, मग रात्री मी घरी नसताना त्याचा उपयोग काय? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानदार पिस्तुलाबरोबर कुलूप देतो, निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो टेक्ससात गुन्हा आहे, हे सगळं मला पाठ होतं. तिचा प्रश्न त्यात बसत नव्हता.

ठरलं ते असं. पुढच्या शनिवारी मुलांना टेक्ससातल्याच अथेन्स गावी घेऊन जायचं. तिथल्या मत्स्य केंद्रात मोठमोठाले बास काचेमागे बघता येतात आणि मुलांना तळ्यावर गळही टाकता येतो. त्यानंतरच्या रविवारी तोच वर्ग तिने करायचा, एकटीने, मी मुलांपाशी. वर्गानंतर ती हो म्हणेल किंवा नाही. नाही म्हणाली तर मी पुन्हा विचारणार नाही.

मागचा दिवा आज संध्याकाळी बसवला. मांजर गेलं तरी लागतो.