टँकर, कांदे आणि कुरकुर

जालन्यात उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, टँकर आला की घागरी, ड्रम, बादल्या घेऊन गल्लीत एकच गर्दी, आणि आपण येशूवर विश्वास ठेवणारी लोकं पण तिथं बाकीच्यांसारखीच तोंडं वाजवतो. मग बायबलमधल्या गणना पुस्तकाचा ११ वा अध्याय वाचला की हसूच येतं. रानात रोज मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, फुकट पडतोय आणि इस्राएली लोकं रडतात कशासाठी, तर मिसरातले (इजिप्तमधले) मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण! तिथली गुलामी, विटा थापणं सगळं विसरले, फोडणीचा वास तेवढा आठवला.

पण एक सांगते, कायम दात काढून "सगळं छान आहे, प्रभूची स्तुती" म्हणणं मला पटत नाही. सोयाबीन पाण्यात गेलेल्या माणसाला लगेच १ थेस्सलनी ५:१८, म्हणजे "सर्व स्थितीत उपकार माना" हे वचन, ऐकवू नका ओ, त्यात नुकसानीसाठी थँक्यू म्हणा असं कुठंय? स्तोत्र १३ मध्ये तर दावीद राजा सरळ विचारतो, परमेश्वरा, किती दिवस? ते रडणं देवापुढं होतं, आपली कुरकुर देव सोडून अख्ख्या गल्लीपुढं असते.

प्रेषित पौलानं कुरकुर न करता सगळं करा असं फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलं ते कैदेत असताना, म्हणून त्याचं ऐकावंसं वाटतं.

आमच्या सासूबाई रांगेत शेजारच्या म्हातारीची घागर आधी भरून देतात, "देवा तुझे उपकार" म्हणतात, आणि मग नगरसेवकाला फोन लावून चांगलं झापतात पण.