मडफ्लॅप कापत कापत रत्नागिरीपर्यंत

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्यातून निघालो, तेव्हा गाडीच्या चारही चाकांमागे नवे कोरे मडफ्लॅप होते, म्हणजे चाकांनी उडवलेली खडी-चिखल अडवणारे रबरी पडदे. पाचव्या दिवशी घरी परतलो तेव्हाही चारच होते, पण निघतानाच्या मापाचा त्यातला एकही राहिला नव्हता. बुटकी गाडी घेऊन कोकणात उतरायचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. देवळं, किनारे आणि मासे यांवर भरपूर लिहून झालंय, ते इथे फारसं सापडणार नाही.

गाडी सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरच्या बॉडीची, पुढे रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. माझी गाडी इतकी खाली बसते की सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याशी मान वर करून बोलावं लागतं. दाराखालचा सिल जमिनीपासून १७ सेंटिमीटर, तोही गाडी रिकामी असताना. गेल्या वेळी महामार्गाच्या कामावरची बारीक खडी पुढच्या चाकांनी उडवून त्या सिलची चाळण केली होती. पत्र्याच्या गाडीला पोचा पडतो. फायबरला वरच्या रंगाच्या थरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात, आणि त्यातून पाणी आत शिरतं. म्हणून यंदा मडफ्लॅप.

दुकानात मिळणारे तयार फ्लॅप असल्या गाडीला धोतरासारखे लोळतात. मी ४ मिलिमीटर जाडीचं रबर शीट घेतलं आणि स्वतः कापलं. त्याहून पातळ रबर वेग वाढला की मागे उडतं आणि असून नसल्यासारखं होतं. आधी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा साचा करा, तो चिकटपट्टीने चाकामागे लावून बघा, मगच रबराला हात लावा. रबर कापताना ब्लेडला साबणाचं पाणी लावायचं, स्टीलची पट्टी दाबून धरायची आणि एका ओढीत कापायचं. कोरड्या ब्लेडने कापलेली कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते, आणि पुढे तिथूनच फाटायला लागते.

लांबी किती ठेवायची? इथे मी दोन रविवार घालवले. युक्ती सुतळीची. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथून सुतळीचं एक टोक धरायचं आणि सिलच्या ज्या बिंदूपर्यंत संरक्षण हवं तिथे दुसरं टोक लावायचं. फ्लॅपची खालची कड त्या सुतळीला टेकली पाहिजे. माझा फ्लॅप टायरच्या टेकण्यापासून ३५ सेंटिमीटर मागे येतो. सिलच्या अगदी मागच्या टोकापर्यंत, म्हणजे १५० सेंटिमीटरपर्यंत, वाचवायचं तर फ्लॅप जमिनीपासून ४ सेंटिमीटरवर आणावा लागतो. तो पहिल्याच स्पीडब्रेकरला जाणार. अर्धाच सिल वाचवायचा ठरवला, तर ८ सेंटिमीटर चालतात. मी पुढचे फ्लॅप ८ वर ठेवले आणि सिलच्या मागच्या अर्ध्या भागाला पारदर्शक फिल्म लावली. संपूर्ण सिल रबरानेच झाकायचा हट्ट धरू नका.

मागचे फ्लॅप मात्र मी ७ सेंटिमीटरवर ठेवले. का, तर दिसायला बरे वाटले. त्याची फळं पुढे.

ताम्हिणी सरळ पार पडली. विळ्याजवळ टपरीवर चहा झाला आणि निघताना यू-टर्न घेतला, तर पुढून खर्रर्र. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायरची मागची कड फ्लॅपच्या आतल्या कोपऱ्याला घासत होती. घरी मी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं होतं, पण एकटा बसून आणि सामान न भरता. आता शेजारी मेहुणा होता. वजन विचारू नका, पण तो बसला की गाडी दीड सेंटिमीटर खाली जाते, हे मी नंतर टेप लावून मोजलं. तिथेच कटरने दोन्ही आतले कोपरे गोल करून टाकले. फ्लॅप लावताना शेजारच्या सीटवर मेहुणा नाहीतर तांदळाची पोती, आणि डिकीत सगळं सामान ठेवूनच माप घ्या.

माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. मुक्काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बागमांडल्याच्या जेटीवर होतो. इथून गाड्या नेणाऱ्या बोटीने सावित्री ओलांडून पलीकडे वेश्वी, की तुम्ही रायगड जिल्ह्यातून रत्नागिरीत. तिथी वद्य द्वितीया. किनाऱ्यावरचा कुणीही माणूस सांगेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे पूर्ण भरती दीडला आणि त्याआधी सहा तास, बरोबर मी पोचलो तेव्हा, ठार ओहोटी. त्यात पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे हटलेलं. जेटीचा उतार खालपर्यंत उघडा पडला होता, वर हिरवं शेवाळ आणि चिखल. बोटीचा लोखंडी रॅम्प त्या उताराला टेकतो तिथे चांगला कोन झाला होता.

बोटीवरच्या मुलाने हात गोल फिरवून गाडी रिव्हर्स घ्यायला सांगितलं. गोम इथेच आहे. पुढे जाताना फ्लॅप जमिनीला घासला तर मागे वाकतो, चाकापासून लांब जातो, काही बिघडत नाही. रिव्हर्समध्ये उलटं. खालची कड अडकते, फ्लॅप चाकाच्या दिशेने दुमडतो आणि टायर त्याच्यावर चढतो. वर स्क्रू, खाली टायर, मध्ये ताणलेलं रबर. ४ मिलिमीटरचं रबर सहजासहजी तुटत नाही, म्हणून दुसरं काहीतरी तुटतं.

"दाजी, काहीतरी फाटल्यासारखं वाजलं," मेहुणा म्हणाला. मी म्हटलं, रॅम्पचं असेल. वेश्वीला उतरून पाहिलं तर डाव्या मागच्या चाकाचा फ्लॅप एका स्क्रूवर लोंबत होता, आणि वरचे दोन स्क्रू चाकाच्या कमानीच्या कडेचा रुपयाएवढा फायबरचा तुकडा घेऊन निघून आले होते. चूक सगळी माझी. रिकाम्या गाडीला ७, भरलेल्या गाडीला साडेपाच, आणि आतून लावलेले वायसर शर्टाच्या बटणाएवढे.

फ्लॅप काढून डिकीत टाकला, भोकावर चिकटपट्टी मारली आणि वेळास, केळशी, आडे, आंजर्ले करत हर्णैला आलो. केळशीच्या पुढचा रस्ता अरुंद आहे आणि कडा खचलेल्या आहेत. समोरून एसटी आली तर तुम्ही मागे जा, ती जाणार नाही. मात्र मागे जाण्यापूर्वी एकाने खाली उतरून फ्लॅपकडे बघा.

गॅरेज शोधायच्या बेतात होतो, तेवढ्यात बंदराच्या अलीकडे एक फायबरची होडी पालथी घातलेली दिसली आणि एक काका तिच्या बुडाला रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारी चिकट राळ, लावत होते. डोक्यात प्रकाश पडला. माझी गाडी आणि त्यांची होडी एकाच मालाची! त्यांनी कमानीवर बोटाने टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि विचारलं, "हिला इंजिन आतलं का बाहेरचं?" गाडी आहे म्हटल्यावर हसले, पण काम होडीसारखंच केलं.

आधी भोकाभोवती चार बोटं जागा आतल्या बाजूने ८० नंबरच्या पेपरने पांढरी होईपर्यंत घासली. काचेच्या धाग्यांची मॅट कात्रीने न कापता हाताने फाडली, कारण फाटलेली कड खालच्या थरात मिसळून जाते आणि कापलेली कड पायरीसारखी उभी राहते. रेझिनमध्ये ते कडक करणारा हार्डनर अगदी थेंब मोजून. जास्त पडला तर डब्यातच गरम होऊन दगड होतो. ब्रश फिरवत नव्हते, टोचत होते, म्हणजे आतली हवा निघून जाते. मॅटचे दोन थर, मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी. "उद्या सकाळपर्यंत हात लावू नका." मग हर्णैलाच मुक्काम. संध्याकाळी मासळीचा लिलाव, मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. बरंच झालं म्हणायचं.

सकाळी भोकं नवीन जागी पाडली. फायबरला ड्रिल मारण्याआधी वर चिकटपट्टी लावा आणि रंगाचा थर कापेपर्यंत ड्रिल उलटं फिरवा, चिरा पडत नाहीत. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, खाऱ्या हवेत साधा स्क्रू गंजून जाम होतो. आतून दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठे वायसर आणि नायलॉक नट (हादऱ्यांनी सैल न होणारे), बाहेरून मात्र छोटे वायसर. नट हात दुखेपर्यंत आवळायचा नाही, रबर जरा दबलं की थांबायचं. आणि काकांनी एक गोष्ट केली जी मला दोन रविवारांत सुचली नव्हती: रबरातल्या प्रत्येक भोकापासून वरच्या कडेपर्यंत ब्लेडने चीर मारली. आता टायर फ्लॅपवर चढला तर फ्लॅप स्क्रूतून खाली निसटेल आणि बॉडी जागेवर राहील. फ्लॅप दोन-तीनशे रुपयांचा, कमान किती हजारांची ते विचारू नका.

मागचे दोन्ही फ्लॅप भरलेल्या गाडीवर, मेहुण्यासकट, ११ सेंटिमीटरवर आणले. खालची कड रस्त्याला समांतर, कोपरे गोल. सायलेन्सरपासून चार बोटं अंतर. कापलेल्या रबराच्या पट्ट्या काकांनी होडीला दोर घासतो तिथे लावायला ठेवून घेतल्या. मजुरीचं विचारलं तर म्हणाले, "मासे घेऊन जा तेवढे." घेतले, आणि पैसेही दिले.

पुढचा प्रवास तिथी बघून केला. तृतीया, तिनाची पाऊणपट सव्वादोन. दाभोळला दोनच्या सुमारास पोचलो, पाणी भरलेलं, रॅम्प जवळजवळ सपाट. वाशिष्ठी ओलांडून धोपावे, कुठेही घासलं नाही. गुहागरला राहून दुसऱ्या दिवशी हेदवीवरून तवसाळ. तिथे चतुर्थीची भरती तीनला धरली होती, पण जेवण लवकर उरकल्याने दीडलाच पोचलो. तरी चाललं, पाणी पुरेसं वर आलं होतं. जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी. हा पाऊणपटीचा हिशोब ढोबळ आहे, पण बुटक्या गाडीच्या कामापुरता पुरतो. सगळ्यात सोपे दिवस अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. आणि बोटीवाल्याला आधीच सांगा की गाडी खाली आहे, तो जागा आणि दिशा बदलून देतो. मी बागमांडल्याला सांगितलं असतं तर!

परत आंबा घाटातून कोल्हापूरमार्गे. घाट चांगला, फ्लॅपचा त्रास शून्य.

घरी आल्यावर गाडी धुताना फ्लॅप सोडवून मागची बाजू धुवा. नुसतं बाहेरून पाणी मारून भागत नाही. मी सोडवले तेव्हा पुढच्या दोन फ्लॅपमागे ओंजळभर ओली तांबडी माती बसलेली होती, जांभ्याचे खडे आणि एक शिंपला. बॉडी फायबरची असली तरी आतली चासी लोखंडाचीच आहे, आणि ती खारट माती तिला चिकटून होती. सिलच्या पुढच्या अर्ध्या भागावर एकही नवी चीर नाही. मागच्या अर्ध्यावर फिल्मला तीन खळगे पडलेत, ती पुढच्या आठवड्यात बदलतोय.