डिकसळच्या जुन्या पुलापाशी

रविवार, वैशाख

भीमा म्हटली की आम्हा सोलापूरकरांना पंढरपूर आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण ज्या आगगाडीने या गावाला गिरण्यांचे शहर केले, ती भीमा ओलांडून कोठून आली, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तिचा मूळ पूल आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, करमाळा तालुक्यातील कोंढार चिंचोली आणि इंदापूर तालुक्यातील डिकसळ यांच्या दरम्यान आहे. रूळ तेथून हलवले त्याला अनेक वर्षे झाली. नंतर त्याच दगडी कमानींवरून एसटी गाड्या, ऊस आणि शाळेची मुले पुणे व सोलापूर या दोन जिल्ह्यांमध्ये ये-जा करत राहिली. तो पूल नीट वेळ काढून पाहायचे फार दिवसांपासून मनात होते, ते आज घडले.

सकाळच्या गाडीने जेऊरला उतरलो. मामा मोटारसायकल घेऊन स्थानकावर आले होते. पारेवाडी, जिंती या बाजूने जाताना दोन्ही हातांना ऊस आणि केळीच्या बागा होत्या. ऐन वैशाखात एवढी हिरवळ सोलापूरहून येणाऱ्याच्या डोळ्यांना सुखावते खरी; मात्र ती उजनी धरणाच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यामुळे आहे आणि त्या फुगवट्याखाली मामांचे जुने गाव आहे, याची जाणीव त्यांच्यासोबत असताना क्षणभरही सुटत नाही.

धरण सध्या उणे पातळीत गेले आहे. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचे पाणी आहे. उपयुक्त साठा संपून पाणी त्याच्या खाली उतरले की आमच्याकडे ‘धरण मायनसमध्ये गेले’ असे म्हणतात. पावसाळ्यानंतर जो पूल पाण्यावर जेमतेम डोके काढून असतो, त्याचे खांब आज बरेच खालपर्यंत उघडे पडले होते. भेगाळलेल्या गाळातून वाट काढत आम्ही काठाजवळच्या कमानीपर्यंत गेलो. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे सांधे चुकवून एकावर एक बसवले आहेत. जेथवर पाणी पोहोचत नाही तेथे चिऱ्यांवर टाकीचे तिरपे घाव अजून स्पष्ट दिसतात. त्याखाली, जेथे पाणी दरवर्षी चढते आणि उतरते त्या पट्ट्यात, दगड पांढुरका पडला असून सांध्यांतला चुना कित्येक ठिकाणी बोटभर आत गेला आहे. एका सांध्यात पिंपळाचे रोप रुजले होते. मामांनी ते उपटण्यासाठी जोर लावला, पण मूळ आत शिरलेले असल्यामुळे ते वरच तुटले. असे मूळ पुन्हा फुटते, जाड होत जाते आणि चिरे बाजूला सारते. आपल्या किल्ल्यांच्या तटबंद्या अशाच फुटल्या आहेत.

कमानीखाली उभे राहून वर पाहिले की तिचे बळ कशात आहे ते कळते. वरून येणारा भार पाचरीसारखे घडवलेले चिरे एकमेकांवर रेटतात आणि तो रेटा दोन्ही बाजूंच्या खांबांत उतरतो, त्यामुळे लोखंडाच्या सळईविना, केवळ दगड आणि चुन्याच्या जोरावर, एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला कमानीचा भाग, आगगाडीचे ओझे पेलू शकतो. त्यासाठी खांब मात्र पायापासून हलता कामा नयेत. गाळ्यांची ओळ असली की शेजारशेजारच्या कमानी एकमेकींचा रेटा तोलून धरतात, आणि म्हणूनच अशा पुलाचा एखादा भाग खचला तर धोका तेवढ्या भागापुरता राहत नाही. गेल्या काही वर्षांत या पुलाच्या खचण्याच्या बातम्या वाचताना मला काळजी वाटत आली आहे ती याच कारणाने.

या मार्गाची आखणी ज्याच्या देखरेखीखाली झाली तो जेम्स जॉन बर्कले हा इंग्लंडचे नामवंत रेल्वे अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झालेला अभियंता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातल्या जीआयपीचा, मुख्य अभियंता म्हणून तो १८५० मध्ये मुंबईत आला, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पुण्याच्या पूर्वेकडे रूळ सरकत आले त्याच्या तारखा ओळीने मांडल्या की भीमेचा अडसर किती मोठा होता ते आपोआप दिसते. १५ डिसेंबर १८५८ रोजी गाडी पुण्याहून डिकसळपर्यंत, म्हणजे नदीच्या अलीकडच्या काठापर्यंत आली. तिथून पुढे बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, ती सुरू झाली २३ ऑक्टोबर १८५९ रोजी. त्यानंतर जानेवारी १८६० मध्ये मोहोळ आणि ६ जून १८६० रोजी सोलापूर. मधले दहा महिने डिकसळ हेच शेवटचे स्थानक होते, आणि पुढे निघालेल्या उतारूसमोर भीमेचे पात्र होते. या परिसरात पुलाचे साल १८५५ सांगितले जाते. पण पुलाचे वय गाडी त्यावरून पलीकडे गेली त्या दिवसापासून मोजावे असे माझे मत आहे, आणि तो दिवस १८५९ च्या दिवाळीच्या सुमारासचा.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. सोलापूरला गाडी आली तेव्हा मुंबई आणि पुणे ही शहरे सलग रुळांनी जोडलेली नव्हती. बोरघाटाचे काम चालूच होते. मुंबईहून आलेला माणूस घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला उतरे, पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. घाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. तो पाहायला बर्कले राहिला नाही. प्रकृती ढासळल्याने तो मायदेशी परतला होता आणि १८६२ मध्ये, ऐन बेचाळिशीत, वारला. म्हणजे भीमेवरचा हा पूल सह्याद्रीच्या आधी जिंकला गेला. सोलापूरच्या इतिहासाच्या दृष्टीने हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि आमच्या शाळांत तो शिकवला जावा असे मला मनापासून वाटते.

पुढची हकीकत आपल्या शहराला अधिक ओळखीची आहे. १८७१ मध्ये हा मार्ग रायचूरकडे मद्रास रेल्वेला जाऊन मिळाला आणि मुंबई-मद्रास अशी सलग वाट झाली. १८७६-७७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला तेव्हा मुंबईकडून येणारे धान्य याच कमानींवरून आले. त्याच सुमारास, १८७७ मध्ये, मुरारजी गोकुळदास यांनी उभारलेली सोलापूरची पहिली कापडगिरणी, आपली जुनी मिल, सुरू झाली. गिरणीची यंत्रे असोत, तिथे विणलेले कापड असो की सोलापुरी चादरींचे गठ्ठे असोत, मुंबईच्या वाटेवर भीमा आली की हाच पूल.

त्यानंतर उजनी झाले. धरणाचे काम १९६० च्या दशकात सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले आणि यशवंतसागराचे, म्हणजे उजनीच्या जलाशयाचे, पाणी मागे मागे सरकत नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत शिरले. पळसदेवचे प्राचीन मंदिर बुडाले. रेल्वेने मार्ग उंच जागेवरून नव्याने नेला, भिगवण आणि जिंती रोड यांच्या दरम्यान दुसरा पूल बांधला, आणि डिकसळचे स्थानक वेळापत्रकातून गेले. रूळ उखडलेला जुना पूल मात्र दोन्ही काठांच्या लोकांनी रस्ता म्हणून वापरात घेतला.

मामा तेव्हा शाळकरी होते. पाण्याकडे बोट दाखवत ते म्हणाले, “तिथं खाली वाळू होती. उन्हाळ्यात आमच्या टरबुजाच्या वाड्या असायच्या. वरनं मेल गेली की आम्ही समजायचो, आता जेवायला घरी जायचं.” मी विचारले, “मामा, रूळ काढले तेव्हा तुम्ही इथेच होता का?” तेव्हा ते बराच वेळ बोलत राहिले. घरांच्या तुळया आणि दारे काढून बैलगाड्यांत भरणे, नव्या गावठाणात वर्षभर पत्र्याखाली राहणे, जुन्या मारुतीची मूर्ती हलवण्यापूर्वी सगळ्या गावाने केलेले भजन, असे सारे त्यांनी तपशिलाने सांगितले. आजोबांनी गावात पाणी शिरल्यानंतरही दोन रात्री घर सोडले नव्हते, हे आईने मला कधी सांगितले नव्हते.

पुलाच्या शेजारी नव्या पुलाचे काम हाती घेतले गेले आहे, आणि ते अत्यंत आवश्यकच आहे. पावणेदोनशे वर्षांकडे झुकलेल्या अरुंद कमानींवरून उसाने भरलेल्या ट्रॉल्या नेणे कोणाच्याच हिताचे नाही. हा पूल बंद झाला की करमाळ्याच्या पश्चिम भागातल्या माणसाला पलीकडे दिसणाऱ्या भिगवणला पोहोचण्यासाठी किती मोठा वळसा पडतो, ते येथे राहणाऱ्यालाच ठाऊक. माझी चिंता नवा पूल वाहता झाल्यानंतरची आहे. ज्याच्यावरून वाहन जात नाही त्या बांधकामाकडे पैसा जात नाही, आणि घडीव चिऱ्यांना गिऱ्हाईक नेहमीच असते. जुना पूल पायी चालणाऱ्यांसाठी तरी राखावा, सांध्यांत पुन्हा चुनाच भरावा, सिमेंटचा गिलावा करू नये, कारण सिमेंट आतली ओल कोंडून धरते आणि दगडाचीच कड झिजते. फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला हिवाळ्यात शेकडो लोक येतात. त्यांना या कमानींची माहिती देणारा एक साधा फलक दोन्ही काठांवर असायला हवा.

संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि पुरातत्त्व खात्याला पाठवायच्या अर्जाचा मसुदा वहीत लिहायला घेतला. पाणी पुन्हा चढण्यापूर्वी, म्हणजे जुलैच्या आत, उघड्या पडलेल्या खांबांची मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत, ही त्यातली पहिली मागणी. दुसरे काम आम्हालाच करायचे आहे. रूळ हलवण्याच्या कामावर मजुरीला गेलेले दोन वृद्ध केत्तूरला आहेत असे मामा म्हणाले. त्यांची प्रकृती पाहता पावसाळ्याची वाट न पाहता पुढच्याच रविवारी त्यांच्याकडे जायचे, त्यांचे सांगणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचे, आणि ते अर्जाला जोडायचे, असे ठरले आहे.