लाईट जायच्या आधीची आगोट
आज सकाळपासून एकच काम, लाईट जाणार हे धरून घर तयार करायचं. पूर्वी आमच्या कोकणात श्रीवर्धनकडे आगोट (पावसाळ्याआधीची बेगमी) म्हणजे सुकी मासळी, मसाला, लाकडं, आता त्यात इन्व्हर्टरचं डिस्टिल्ड वॉटर पण आलंय 😄 बॅटरीची झाकणं उघडली तर दोन सेलमधलं पाणी पार तळाला, आणि मी महिनाभर बॅकअप मिळत नाही म्हणून दुकानदाराला शिव्या घालतोय. (नळाचं पाणी ओतू नका हां, क्षारांनी बॅटरीची वाट लागते.)

३ जून २०२० ला निसर्ग वादळात इथे पोलच्या पोल आडवे झाले, कित्येक दिवस लाईट नाही, पण खरा त्रास अंधाराचा नव्हताच, पाण्याचा होता, विहिरीत पाणी आहे पण पंप बंद. म्हणून आईने आज आधी रहाटाचा दोर बदलायला लावला, मग पिंपं भरायला. मी आपला पॉवर बँका चार्जिंगला लावत बसलो तर म्हणते, ते राहू दे, कंदिलाची काच पूस आधी. म्हटलं रॉकेल कुठून आणणार आता? तर माळ्यावरून जुनी बाटली काढून पुढ्यात ठेवली!

हे टाईप करेपर्यंत लाईट दोनदा डोळा मारून गेलीये.