एका एपिसोडची फुलं

गेल्या जुलैत वडिलांचा जाडजूड शब्दकोश उघडला आणि कुबट वास नाकात शिरला. पंधरा दिवसांपूर्वी मी त्याच्या पानांत तेरडा, जाई आणि अंगणातली लाल जास्वंद ठेवली होती. तेरडा काळा पडला होता. जाईच्या पाकळ्या चहाचे डाग पडावेत तशा दिसत होत्या. जास्वंद दोन पानांना चिकटून बसली होती आणि तिच्याभोवती राखाडी बुरशीचं कडं उमटलं होतं. फुलांपेक्षा त्या पानांचं जास्त वाईट वाटलं.

आमचं घर गोव्यात म्हार्दोळला, माझी नोकरी पणजीत. कदंबच्या बसमध्ये जाता-येता रोजचे दोनेक तास जातात आणि तीन वर्षं झाली, ते मी पॉडकास्ट ऐकत काढते. इतिहास, शेती, आरोग्य, मराठी मुलाखती, जे सापडेल ते. आम्ही आकाशवाणीचं पणजी केंद्र ऐकत वाढलेली माणसं, त्यामुळे नुसत्या आवाजाची सवय होतीच. इथे तो आवाज आपल्यासाठी थांबतो, मागे जातो, पुन्हा सांगतो, याचं मला फार अप्रूप वाटलं.

घरी मात्र ऐकणं जमत नव्हतं. खुर्चीत बसले की हात फोनकडे जायचा, डोळे कुठल्या तरी फोटोंवर फिरायचे आणि एपिसोड संपल्यावर काय ऐकलं ते आठवायचं नाही. क्रोशे करून पाहिलं. टाके मोजायला लागले की बोलणाऱ्याचं वाक्य सुटायचं. मला हाताला असं काम हवं होतं की ज्यात मोजायचं नाही, वाचायचं नाही आणि घाईही नाही. कागदावर फुलं मांडून दाबणं हेच ते काम, असं वाटलं होतं. आणि पहिलीच खेप बुरशीने खाल्ली.

मग बसमध्ये वनस्पतींवरचे भाग शोधून ऐकायला लागले. एकात हर्बेरियमची, म्हणजे वाळवून कागदावर लावलेल्या झाडांच्या संग्रहाची, हकीकत होती. सोळाव्या शतकात इटलीतल्या लुका गिनी नावाच्या प्राध्यापकाने झाडं दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची रीत रूढ केली, असं मानतात. लंडनमधल्या क्यू उद्यानात आज असे सत्तर लाखांहून जास्त नमुने आहेत. मला त्या आकड्यापेक्षा एक साधी गोष्ट उपयोगी पडली: ही माणसं कागद सारखे बदलतात. फूल सपाट होतं ते वजनाने, पण टिकतं ते त्यातलं पाणी निघून गेल्याने. पाणी कागदात जातं आणि कागदातून हवेत. आमच्याकडे गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत हवाच इतकी भिजलेली असते की कागदाने ते पाणी द्यायचं कुणाला? बंद शब्दकोशात तर ते फुलापाशीच कोंडून राहतं. बुरशीला याहून चांगली जागा मिळाली नसती.

मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, प्लायवूडचे दोन तुकडे कापून घेतले, साधारण वहीच्या आकाराचे. चार कोपऱ्यांना भोकं, त्यांत लांब बोल्ट आणि वरून हाताने पिळायचे पंखवाले नट. आत रचना अशी: खोक्याचा लहरी पुठ्ठा, वर्तमानपत्राच्या दोन घड्या, टीपकागद, फुलं, पुन्हा टीपकागद, वर्तमानपत्र, पुठ्ठा. लहरी पुठ्ठा महत्त्वाचा, कारण त्याच्या पोकळ रेघांतून हवा खेळते. हा प्रेस मी टेबल फॅनसमोर उभा ठेवते, रेघांची तोंडं फॅनकडे करून. उन्हात ठेवायचा नाही, रंग उडतो.

पहिले चार दिवस टीपकागद रोज बदलायचे, नंतर एक दिवसाआड. एवढे कोरडे कागद पावसात आणायचे कुठून? पावसाळ्यात शाळेचे गणवेश आपण जसे इस्त्रीने वाळवतो, तसे मी टीपकागद वाळवते. वाफ बंद, इस्त्री मध्यम, आणि कागदातून निघणारा तो उबदार वास. रोज रात्री जेवणं आटोपली की अर्धा तास हेच चालतं. कानात कुणीतरी निवांत बोलत असतं आणि अर्ध्या तासात बारा-चौदा कागद कोरडे होतात. दिवसभरातला हा वेळ मला सगळ्यात प्रिय आहे.

फुलं तोडायची वेळही शिकावी लागली. उघडीप मिळेल त्या दिवशी, दव उडून गेल्यावर, दहा-साडेदहाला. मला ती वेळ फक्त रविवारी मिळते. पाऊस थांबतच नसेल तर देठासकट फांदी आणून रात्रभर पाण्यात उभी ठेवायची, म्हणजे पाकळ्यांवरचं पाणी सुकतं आणि फूल कोमेजत नाही. देवाला वाहिलेलं फूल मी घेत नाही. निर्माल्याची जागा वेगळी. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “तुला हवी ती आधी काढून घे, मग परडी देवघरात ने.” तेव्हापासून तोच क्रम आहे.

जास्वंद अख्खी दाबता येत नाही हे मला बुरशीनेच शिकवलं. तिच्यात बुळबुळीत चीक असतो, तो कागद धरून ठेवतो. आता पाकळ्या सुट्या करते, प्रत्येकीच्या वर-खाली बटर पेपर घालते, दुसऱ्या दिवशी तो काढून टीपकागद घालते. तरी लाल रंग लाल राहत नाही, जांभळाकडे झुकतो. याचंही कारण आहे. लाल-निळ्या फुलांतलं रंगद्रव्य बहुधा अँथोसायनिन असतं आणि आंबट-अल्कधर्मी बदलाने ते रंग पालटतं. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं, तोच प्रकार. पिवळ्या-केशरी फुलांत बहुतेकदा कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं असतात, ती जास्त चिवट. शेवंतीच्या सुट्या पाकळ्या म्हणूनच मला कधी दगा देत नाहीत. जाईचं मात्र अजून जमलेलं नाही. आमच्या महालसेच्या देवळात जायांची पूजा होते, त्या जाईचा शुभ्रपणा कागदावर आणायची माझी फार इच्छा आहे. आतापर्यंत सात खेपा केल्या, सातही पिवळट आल्या.

चवथीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधतात त्या चौकटीसाठी, रानातून कळलावी आली होती. ज्वाळेसारख्या वर वळलेल्या तिच्या लाल-पिवळ्या पाकळ्या बघून राहवलं नाही, दोन फुलं मागून घेतली. तुम्हीही कराल म्हणून सांगते: कळलावी विषारी आहे, मुळापासून फुलापर्यंत. हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, घरात लहान मूल असेल तर ती आणायचीच नाही. मी तिचा कागद वेगळा ठेवला, वर तारीख आणि नाव लिहिलं. प्रत्येक कागदावर तसं लिहितेच. तीन आठवड्यांनी कुठलं फूल कुठून आलं हे लक्षात राहत नाही.

कुठल्या कामाला काय ऐकायचं, हे हळूहळू ठरत गेलं. कागद इस्त्री करताना काहीही चालतं, लांबलचक गप्पासुद्धा. फुलं मांडताना कथाकथन उत्तम. पाकळी चिमट्याने उलगडून कागदावर टेकवायची, पुढची उचलायची. या कामाची चाल गोष्ट सांगण्याच्या चालीशी जुळते. चाळीस मिनिटांच्या एका एपिसोडमध्ये माझी तीसेक फुलं मांडून होतात. मग मी फुलंसुद्धा त्याच हिशेबात मोजायला लागले, आज एका एपिसोडची आहेत, आज दीडची. पण वाळलेली फुलं घेऊन चित्र रचायला बसले की आवाज बंद करावा लागतो. गाणंसुद्धा नको होतं. कुठलं पान तिरकं ठेवायचं, कुठे मोकळी जागा सोडायची, हे ठरवताना दुसऱ्याचं वाक्य मध्ये आलं तर माझा हात त्याच्या तालावर चालतो आणि सगळं दाटीवाटीचं होतं. दोन चित्रं अशी बिघडल्यावर मी ते मान्य केलं. ऐकणं फुलं वाळवण्यासोबत चालतं, चित्रासोबत नाही.

चिकटवायला पांढरा गोंद पाण्यात पातळ करून दातकोरणीच्या टोकाने ठिपका द्यायचा, फुलाच्या पाठीला, मधोमध. जास्त गोंद लागला की पाकळी सुरकुतते. उरलेली फुलं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. माझ्याकडचे मणी निळे आहेत, ओल ओढून घेतली की गुलाबी होतात. सप्टेंबरात चार दिवसांत गुलाबी व्हायचे, नोव्हेंबरात महिना जातो. हवा बदलल्याचं मला आता त्या डब्यावरून कळतं.

सासूबाई संध्याकाळी सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून अबोलीची फाती, म्हणजे गुंफलेला गजरा, करतात. डोळ्यांना आता कमी दिसतं, बोटांच्या अंदाजाने त्या केळीच्या सोपटाच्या दोरात फूल गुंफतात. सुरुवातीला मी कानात इअरफोन घालून आत बसायचे. एकदा त्यांनी दारातून विचारलं, “अगो, एकटीच कुणाचं ऐकतेस?” तेव्हापासून छोटा स्पीकर सोप्यावर असतो आणि माझं टेबलही तिथेच आलं.

ऑक्टोबरात आम्ही दोघींनी ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथावरचा भाग ऐकला. केरळच्या वनस्पतींवरचा हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने तो करवून घेतला. त्याला माहिती देणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्यासोबत तीन कोकणी वैद्य होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांचं निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीतल्या कोकणीत छापलेलं आहे. सासूबाईंचे हात थांबले. “परत लाव,” म्हणाल्या. मी मागे नेलं. तीन नावं त्यांनी पुन्हा ऐकली, मग स्वतःशी एकदा म्हटली आणि पुढचं फूल उचललं. त्यानंतर चार संध्याकाळ आम्ही फक्त झाडांचेच भाग ऐकले.

त्यांची फाती कागदावर आणायची असं मी तेव्हाच ठरवलं. अख्खी फाती दाबून पाहिली, तर गाठींचा उंचवटा राहिला आणि गाठीजवळची फुलं काळी पडली. मग फुलं सुटी दाबली. अबोली मुळातच पंख्यासारखी चपटी, त्यामुळे छान वाळली, केशरी थोडी फिकी झाली एवढंच. सोपटाचा दोरही वेगळा दाबून वाळवला. गेल्या रविवारी आवाज बंद करून जाड हस्तिदंती कागदावर तो दोर किंचित वळण देऊन ठेवला आणि फुलं दोन्ही बाजूंना, त्या गुंफतात त्याच क्रमाने.

काच बसवण्याआधी त्यांना दाखवायला नेलं. उजेडाकडे धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. हात लावला नाही.

“किती घातलीस?”

“बावीस.”

“फातीला कमी पडतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बसला निघताना टेबलावर केळीच्या पानाच्या तुकड्यात आठ अबोली ठेवलेल्या दिसल्या. बस सोडून दिली, पुढची पकडली. ती आठ आता टीपकागदात आहेत, आज त्यांचा चौथा दिवस आहे.