आमची वाटचाल : महिन्याचं पिल्लू

आमच्याकडे गिनी कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू विकायला नसतं. महिनाभर ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या बंदिस्त जागेत सांभाळलेलं, पिसं फुटलेलं पिल्लूच आम्ही देतो. त्यामुळे दर जास्त पडतो, काही गिऱ्हाइकं परतही जातात. तरी हा नियम मोडायचा नाही, असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलंय.

सुरुवात माण तालुक्यात, घरच्या खुराड्यातून झाली. डाळिंबाच्या बागेतले किडे टिपायला आणि साप दिसला की ओरडून राखण करायला गिनी आणल्या. पक्षी मूळचा आफ्रिकेतला, आमचं ऊन त्याला सहज सोसतं. पण मादी पिल्लं सांभाळण्यात कच्ची. सकाळच्या दवात, ओल्या गवतातून ती पुढे पळते आणि मागे राहिलेलं पिल्लू गारठून मरतं. म्हणून सासूबाई गिनीची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली बसवायच्या. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, गिनीचं 26 ते 28 दिवसांत. खुडूक पक्की असेल तरच तेवढे दिवस बसते. मागणी वाढली तसं उबवणी यंत्र घेतलं. यंत्रातून पिल्लं भरपूर निघाली, पण त्यांना पंखाखाली घेणारं कोणी नव्हतं. तेव्हापासून आमचं सगळं लक्ष ब्रूडरवर आहे.

स्वतःच पिल्लं काढणाऱ्यांना आम्ही घरचा ब्रूडर मोकळेपणानं शिकवतो. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा दीड फूट उंच गोल करा. चौकोनी खोकं नको, कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली भाताचं तूस, त्यावर पहिले काही दिवस जाडसर सुती कापड. नुसता वर्तमानपत्राचा कागद घातला तर पाय घसरून फाकतात, आणि फाकलेला पाय सरळ होणं अवघड असतं. बल्ब दोन लावा, म्हणजे एक उडाला तरी ऊब राहते. ते एकाच बाजूला टांगा, पिल्लाला गरम वाटलं तर दुसरीकडे सरकता आलं पाहिजे. पिल्लं सोडायच्या आदल्या दिवशीच दिवे चालू करा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. थर्मामीटर हवाच, पण आम्ही पिल्लांकडे जास्त बघतो. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर गारठा आहे, चोच उघडून कडेला पसरली तर उष्मा आहे.

पाण्याच्या भांड्यात गोट्या किंवा स्वच्छ खडे टाकाच. गिनीचं पिल्लू इतकं लहान असतं की उथळ पाण्यातही बुडतं. खाद्यात 24 ते 26 टक्के प्रथिनं लागतात. कोंबडीच्या लहान पिल्लांचं तयार खाद्य (स्टार्टर) त्याला थोडं कमी पडतं, म्हणून आम्ही उकडलेलं अंडं कुस्करून मिसळतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पंख फुटले की पिल्लं उडी मारून बाहेर येतात, तेव्हा वर जाळी हवी.

पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा मडक्यात निखारे भरून भोवती जाळी लावतो. वरची खिडकी मात्र उघडीच ठेवतो, धूर कोंडला तर पिल्लं हाती लागत नाहीत. त्या रात्री आमच्यापैकी एकजण शेडमध्येच झोपतो.

सध्या आमच्याकडे मुख्यतः ‘कादंबरी’ जातीच्या गिनी आहेत. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची ही ठिपकेदार जात. पिल्लं घरी नेल्यावर काही आठवडे बंद खुराड्यातच ठेवा आणि खाद्य तिथेच द्या. जागा ओळखीची होण्याआधी सोडली तर गिनी संध्याकाळी परत येत नाहीत, शेजारच्या झाडावर जाऊन बसतात.